न चाखता काढलेला रस

आमच्या घरात अखाजीच्या आधी कोणी आंबा तोंडाला लावत नाही. बाजारात गुढीपाडव्यापासून आंबे दिसतात, रस्त्यावर रसाच्या गाड्या लागतात, पण माझी माय त्याकडे पाहतसुद्धा नाही. पहिला आंबा पितरांचा. घागर भरली, आगारी, म्हणजे पितरांचा नैवेद्य, निखाऱ्यावर टाकली, की मग घरच्यांनी खायचा. लहानपणी या नियमाचा फार राग यायचा. आता माझा मुलगा कुरकुर करतो, तेव्हा मीच त्याला गप्प करतो.

अक्षय्य तृतीयेला आम्ही खान्देशात अखाजी म्हणतो. दिवाळीइतकाच, किंबहुना आमच्या गावाकडे दिवाळीहून मोठा सण. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात, पुरुष पत्त्यांचे डाव मांडतात, सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचं, साल याच दिवशी संपतं आणि नवं लागतं. आणि जेवायला ठरलेलं ताट: खापरावरची पुरणपोळी, रशी, भात, कुरडया-पापड, भजी आणि वाटी भरून, खरं तर वाडगा भरून, आमरस. पोळीवर तूप आणि रसावरही तूप. बाकी सगळं बायका करतात. रस मात्र इतकी वर्षं एकटी माय काढायची. तिला कोणी मदत केलेली आवडायची नाही.

गेल्या दोन वर्षांत तिच्या बोटांची पेरं सुजली आहेत. संधिवात. मूठ पुरती मिटत नाही. 2025 साली अखाजी 30 एप्रिलला, बुधवारी होती. त्याच्या पंधरा दिवस आधी रात्री जेवताना ती म्हणाली, ''आवंदा रस तू काढ भाऊ. मना हात चालत नही.''

मी हो म्हणालो. आंबे पिळायचे, एवढंच तर काम, असं वाटलं होतं. अंथरुणावर पडल्यावर लक्षात आलं की चोवीस माणसांचा रस काढायचा आणि तो एकदाही चाखून बघायचा नाही. नैवेद्य दाखवून होईपर्यंत थेंबसुद्धा जिभेला लागता कामा नये. आधी थोडा करून सराव करावा, तर तोही चाखता येणार नाही, कारण अखाजी व्हायची आहे. साखर लागेल की नाही, आंबट निघाला तर काय, हे सगळं न चाखता कळायचं कसं? माय इतकी वर्षं कसं करत होती, हा प्रश्न मला पंचेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा पडला.

आंब्यांपासूनच अडचण होती. आमच्या शेताच्या बांधावर एक गावरान आंबा आहे, आजोबांच्या हातचा. फळ लहान, कोय मोठी, रेषा भरपूर, पण रस असा की हाताचा वास दोन दिवस जात नाही. त्याला पाड लागतो मे महिन्यात. 2024 साली अखाजी 10 मेला होती, त्यामुळे घरचाच आंबा आढीत पिकवून रसाला मिळाला होता. 2025 साली तिथी दहा दिवस अलीकडे आली आणि झाडावर सगळ्या हिरव्यागार कैऱ्या. चांद्र वर्ष अकरा-एक दिवसांनी लहान, म्हणून सण दरवर्षी मागे सरकतो आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे ढकलला जातो. झाडाला यातलं काही माहीत नसतं. 2026 साली तर अखाजी 19 एप्रिललाच, म्हणजे तेव्हाही घरचा आंबा मिळण्यासारखा नव्हता.

म्हणून विकत आणणं आलं. 22 एप्रिलला मी बाजारातून बदाम जातीच्या आंब्यांचं एक क्रेट आणलं. बाहेरून इतकं सुंदर पिवळं की दुकानदाराचं कौतुक वाटलं. घरी आणून मायच्या बाजेपाशी ठेवलं. तिने एक फळ उचललं, देठाकडची बाजू नाकाला लावली आणि परत ठेवलं. दुसरं उचललं, ठेवलं. मग मला म्हणाली, ''हाऊ आंबा पिकेल नही, पिकाडेल शे.''

मी एक कापून बघितला. साल पिवळी, सालीखालचा गर पिवळा, आणि कोयीजवळ पांढरट, कडक, कैरीसारखा. दुसरा कापला, तोही तसाच. क्रेटच्या तळाशी कागदाच्या दोन पुड्या निघाल्या, त्यात राखाडी भुकटी. कार्बाइड. ओल लागली की त्यातून ॲसिटिलीन वायू निघतो आणि फळाची साल रंग धरते, पण आतली साखर व्हायला लागणारे दिवस त्याला मिळालेलेच नसतात. शिवाय त्या भुकटीत आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असू शकतात. अन्नसुरक्षेच्या 2011 च्या नियमांनी कार्बाइडने फळं पिकवायला बंदी आहे. परवानगी आहे ती इथिलीन वायूची, तीही मोजून. बंदी असून पुडी क्रेटमध्ये होतीच. मला पैशापेक्षा याचा राग आला की वर्षाचा पहिला आंबा म्हणून कोणी हे आपल्या लेकरांना देईल. सगळं क्रेट उकिरड्यात पुरलं, गुरांनाही घातलं नाही.

मायने मग सांगितलं तसं केलं. पिकलेले आंबे आणायचेच नाहीत. 24 तारखेला पहाटे जळगावला घाऊक बाजारात गेलो आणि कच्चेच आंबे घेतले. आंध्राकडून येतो तो बदाम बारा किलो, रंगाला आणि थोड्या आंबटपणाला लालबाग सहा किलो. वासासाठी डझनभर हापूस शेवटच्या दिवशी आणायचा असं ठरवलं.

घरी आल्यावर अंगणात पाण्याने भरलेलं टिपाड ठेवलं आणि सगळे आंबे त्यात सोडले. माय बाजेवर बसून पाहत होती. जे तळाला गेले ते ठेवायचे, जे तरंगले ते बाजूला. झाडावर पुरता भरलेला आंबा जड असतो, बुडतो. कोवळा उतरवलेला वर येतो आणि तो पिकत नाही, नुसता सुरकुततो. अठरा किलोतले पंधरा-सोळा आंबे तरंगले. त्यांचं लोणचं घालायला सांगितलं. बुडालेल्यांतही तिने खांदे पाहिले. देठाच्या दोन्ही बाजूंना गर वर चढून देठ खळग्यात गेलेला असला की आंबा तयार. हे तिने मला बोटाने दाबून दाखवलं. तिचं सुजलेलं बोट त्या खळग्यात बरोबर बसलं.

आढी घातली कोठीच्या खोलीत. गहू नुकताच निघालेला, त्यामुळे भुसा ताजा होता. खाली वीतभर भुसा, त्यावर आंबे देठ खाली करून एकमेकांना न टेकतील असे, वर पुन्हा भुसा, सर्वांत वर गोणपाट. आंबा पिकताना स्वतःच इथिलीन सोडतो. भुशात तो वायू आणि ऊब दोन्ही कोंडून राहतात. त्यासाठी पुडी लागत नाही, दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी हात घातला तर आत बाहेरच्यापेक्षा जास्त ऊब लागली. बाहेर त्रेचाळीस अंश होतं, तरी! दोन डागाळलेले काढून टाकले, बाकीचे उलटवले. पाचव्या दिवशी खोलीचं दार उघडल्याबरोबर वास आला. मी तिथेच उंबऱ्यावर बसून राहिलो थोडा वेळ. माझा मुलगा मागे उभा राहून म्हणाला, ''बाबा, एकच.'' मी नाही म्हणालो. मलाही जड गेलं.

29 ला संध्याकाळी दोन्ही बहिणी, भाचे, मेहुणे आले. पुण्याच्या भाच्याने मिक्सर सुचवला, त्यात बर्फ टाकला की पाच मिनिटांत होईल म्हणाला. माय त्याच्याशी फार मायेने बोलली, पण मिक्सर नाहीच. तिचं म्हणणं मला नंतर पटलं. पात्यांनी रेषा बारीक होऊन रसातच राहतात, हवा शिरून फेस येतो, रंग फिका पडतो. हाताने काढलेल्या रसात गराचे बारीक कण तसेच राहतात आणि पोळीला तो रस चिकटतो, घसरत नाही.

माझी इच्छा होती की रात्रीच रस काढून ठेवावा, सकाळी धावपळ नको. तेही तिने मोडीत काढलं. ''रातले काढेल रस सकायले फसफसी जास.'' आमच्याकडे विजेचा भरवसा नाही आणि दहा लिटरचं पातेलं फ्रिजमध्ये बसतही नाही. या उन्हाळ्यात झाकून ठेवलेला रस सहा-सात तासांत आंबायला लागतो. म्हणून फक्त आंबे रात्री धुऊन माठाच्या गार पाण्यात टाकले.

पहाटे चार वाजता उठलो. बायको आणि वहिनी माझ्या आधी उठून चुलीपाशी होत्या. पुरण शिजत होतं, खापर पालथं घालून ठेवलेलं होतं, कपाशीच्या पऱ्हाट्यांचा भारा शेजारी. मी ओट्यावर घोंगडी टाकली, दोन पराती, एक चाळणी मांडली आणि आजीच्या वेळचं मोठं पितळी पातेलं काढलं. सणाचं काम, म्हणून मुद्दाम तेच काढलं होतं. चिंचेने घासून सोन्यासारखं केलं होतं. माय काठी टेकत बाहेर आली, पातेल्यात वाकून पाहिलं आणि विचारलं, ''त्याले कल्हई शे का?''

नव्हती. कल्हईवाला गावात येऊन किती वर्षं झाली असतील. कल्हई नसलेल्या पितळेत आंबट पदार्थ कळकतो, हे मी चिंचेच्या बाबतीत ऐकून होतो, आंब्याला लावून पाहिलंच नव्हतं. हिरवट रंग येतो, चव बिघडते आणि पोटालाही वाईट. पितळी पातेलं परत माळ्यावर गेलं, शेजारून स्टीलचं आणलं.

मग रस. पहिला आंबा हातात घेतला तेव्हा मला मायसमोर परीक्षेला बसल्यासारखं झालं होतं. दोन्ही तळव्यांत धरून तो हळूहळू घोळायचा, जोर लावायचा नाही. जोर लावला की साल देठाकडे फाटते आणि गर भलतीकडून येतो. चार-पाच मिनिटं घोळल्यावर आतला गर कोयीपासून सुटल्याचं हाताला कळतं. फळ पाण्याच्या पिशवीसारखं हलायला लागतं आणि आत कोय मोकळी फिरते. तेव्हा देठ नखाने उडवायचा आणि पहिले दोन-चार थेंब बाहेर टाकायचे. तो चीक. ओठाला लागला तर सालटी निघतात, रसात गेला तर घशात खवखव. मग आंबा परातीवर धरून पिळायचा, कोय बाहेर आली की ती मुठीत फिरवून तिचा रस काढायचा, आणि साल आतून बाहेर उलटी करून अंगठ्याने निपटायची.

पहिल्या दहा आंब्यांना मला जवळजवळ तास लागला. त्यानंतर हात बसला. बदाम तसा घट्ट गराचा, तो पिळण्यापेक्षा चाळणीवर दाबून जास्त निघतो, हे पाचव्या-सहाव्या फळाला समजलं. लालबाग पातळ आणि रेषाळ, तो चटकन रिकामा होतो. हापसाला घोळायचीसुद्धा गरज पडली नाही. त्याचा वास आल्यावर झोपलेली पोरं एकेक करून ओट्यावर येऊन बसली.

आता आंबट-गोडाचा प्रश्न. प्रत्येक आंब्याचा रस थेट मोठ्या पातेल्यात घालायचा नाही, आधी लहान परातीत. माय शेजारी बसली होती. ''बोट लावी दख, पन तोंडमा नको घालू.'' अंगठा आणि तर्जनीत रसाचा एक थेंब घ्यायचा, चोळायचा, आणि बोटं थोडा वेळ उघडी ठेवायची. मग ती चिकटवून सोडवायची. गोड आंब्याचा रस वाळताना ताणतो, बोटं सुटताना बारीक तार आल्यासारखी वाटते आणि कातडी ओढली जाते. आंबट रस नुसता ओला राहतो, बोटं लगेच सुटतात. मला पहिल्या चार-पाच थेंबांत काहीच फरक कळला नाही. मायने तिचा हात पुढे केला, मी एका लालबागचा थेंब तिच्या बोटावर ठेवला. तिने चोळला, डोळे मिटले आणि मान हलवली. ''आंबट शे.'' मग एका बदामाचा ठेवला. ती काही बोलली नाही, फक्त तिची ती न मिटणारी दोन बोटं माझ्या बोटांवर टेकवली. चिकटली. तेव्हा मला समजलं.

त्यानंतर मी प्रत्येक आंबा तसाच तपासला. साताठ लालबाग आंबट निघाले. ते वेगळ्या भांड्यात ठेवले आणि मोठ्या पातेल्यात त्यातला अर्धाच घातला, कारण नुसता गोड रस दोन वाट्यांनंतर नकोसा होतो. थोडा आंबटपणा असला की पोळीबरोबर तो उतरतो. हा अंदाजही तिचाच. साखर नाही घातली. गूळ किसून वेगळा ठेवला, लागला तर वाढताना घेता येईल.

कोयी आणि साली थोड्या गार पाण्यात चोळून ते पाणी चाळून घेतलं, वाडगाभरच. जास्त घातलं तर रस पाण्याने फुटतो. ताई म्हणाली दुधात चोळ, तिच्या सासरी तसंच करतात. पण दूध पडलेला रस उन्हाळ्यात लवकर खराब होतो आणि आंबट आंबा असला तर दूध नासतं, म्हणून ज्याला हवं त्याने आपल्या वाटीत साय घालून घ्यावी असं ठरलं. चिमूटभर मीठ, दोन चिमूट सुंठ. मायने पाच कोयी निवडून पातेल्यात परत टाकायला लावल्या, रस काळा पडत नाही म्हणून. रस काळवंडतो तो हवेने आणि उकाड्याने, हे मला माहीत आहे, तरी कोयी टाकल्या. तिचा रस कधी काळा पडलेला मी पाहिलेला नाही.

साडेसातला संपलं. दहा लिटरला थोडा कमी. पातेल्यावर थेट रसाला टेकेल असं ताट ठेवलं, पातेलं पाण्याच्या घमेल्यात ठेवून भोवती ओलं पोतं गुंडाळलं आणि माठाजवळच्या कोपऱ्यात सरकवलं. दर अर्ध्या तासाने पोत्यावर पाणी मारायचं काम भाच्यांकडे दिलं. माझे हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते. ते चाटायचा मोह झाला नाही असं म्हणणार नाही. हौदावर जाऊन साबणाने धुतले.

घागर दहाला भरली. कुंभाराकडची नवी लाल घागर, तीत वाळ्याचं पाणी, वर लहान मातीचं भांडं, त्यावर डांगर (खरबूज), सांजोरी आणि दोन आंबे. ते दोन मात्र आपल्याच झाडाचे पाहिजेत, हिरवे असले तरी चालतील, हे मायचं ठाम. मी पहाटेच बांधावरून काढून आणले होते. आजोबांनी लावलेल्या झाडाची फळं आजोबांच्याच घागरीवर. आप्पांना, माझ्या वडिलांना, जाऊन नऊ वर्षं झाली, त्यांचंही नाव घेतलं.

आगारीला गोवरीचा निखारा केला होता. त्यावर आधी तूप, मग पोळीचा तुकडा, भात, आणि शेवटी पळीने रस. पळी तिरपी करताना माझा हात थरथरला. चोवीस माणसं जेवायची होती आणि यातला एक थेंबही कोणी चाखलेला नव्हता. रस निखाऱ्यावर पडला, चर्र झालं, पांढरी वाफ उठली आणि कडेने तो तपकिरी होत गेला. मग वास आला. जळक्या साखरेचा, चुलीवर गुळाचा पाक लागतो तसा, आणि त्याच्या मागून हापसाचा. धूर मायच्या तोंडावर गेला. तिने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, ''गोड शे.''

जेवायला बसलो तेव्हा साडेअकरा झाले होते. खापरावरून पोळ्या एकामागून एक येत होत्या, कागदासारख्या पातळ, घडी घालून ताटात. पोळीचा तुकडा रसात बुडवला की तुपाचा थर त्याला लागून येतो. रस गार होता, दाट होता, आणि शेवटी जिभेच्या कडेला किंचित आंबट लागत होता. गुळाची वाटी कोणी मागितली नाही. माझ्या मुलाने पोळी बाजूला ठेवून वाडगा तोंडाला लावला, आणि त्याला कोणी काही म्हणालं नाही. माय तिच्या जागी भिंतीला टेकून जेवत होती. तिच्या बोटांनी पोळी नीट धरता येत नाही, म्हणून बायकोने पोळी कुस्करून रसात कालवून दिली होती. तिने ती संपवली आणि वाटी माझ्याकडे सरकवली. मी आणखी रस वाढला. तिने पुन्हा सरकवली.

तीनच्या सुमाराला पातेल्यात लिटरभर उरला होता. आंबट लालबागचा वेगळा ठेवलेलाही होताच. ठेवून तो टिकणार नव्हता. दोन्ही एकत्र करून त्यात किसलेला गूळ कालवला, ताटांना तुपाचं बोट फिरवलं आणि आंबापोळी घालायला गच्चीवर गेलो. तिथे पाय ठेववत नव्हता. ताटांत रस ओतून पातळ पसरला, वर जुन्या लुगड्याचं सुती कापड बांधलं. असं ऊन राहिलं तर दोन-तीन दिवसांत उलटवता येईल, बहिणी निघायच्या आत. शेवटच्या ताटाची कड निपटताना बोटाला रस लागला. आता चालणार होतं. मी तो चाटला.